एकोणतिसावी डिस्क

चव्वेचाळिसाव्या फ्लॉपी डिस्कवरची बुरशी पुसून झाली, तशी तिने हात कोरडे केले आणि ‘रिकाम्या’ असं लिहिलेला डबा पुढे ओढला. आता एक रिकामी डिस्क बळी द्यायची होती. तिची काळी खोळ वरच्या कडेला ब्लेडने उसवायची, आतली पातळ चकती काढून टाकायची आणि त्या स्वच्छ खोळीत मासिकाची पुसलेली चकती सरकवायची. जुन्या, मळक्या खोळीत परत घातली तर सगळे कष्ट पाण्यात. नवरा हे काम श्वास रोखून करायचा. ती रेडिओ लावून करायची, आणि तिच्या हातून आजवर एकही चकती बिघडली नव्हती.

डब्यातली शेवटून दुसरी डिस्क तिने ओढली. ती रिकामी नव्हती. पाकिटात उलटी घातली होती, एवढंच. सुलटी केल्यावर मासिकाचं पिवळं लेबल दिसलं आणि त्यावर छापलेला आकडा, २९.

तिने रेडिओ बंद केला.

नवऱ्याला जाऊन सात महिने झाले होते. त्याच्या तरुणपणी घरगुती कॉम्प्युटरचं एक मासिक निघायचं. बाहत्तर अंक निघाले आणि ते बंद पडलं. प्रत्येक अंकाबरोबर एक डिस्क यायची, तिच्यावर वाचकांनीच लिहून पाठवलेले खेळ आणि छोटे छोटे प्रोग्रॅम असायचे. मासिकाकडेही त्यांच्या प्रती उरल्या नाहीत, म्हणून नवऱ्याने त्या जपायचं मनावर घेतलं आणि मग दुसरं काही मनावर घेतलं नाही. ‘मला सवत आहे, बाहत्तर नगांची,’ असं ती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे. तो दुरुस्त करायचा, ‘एकाहत्तर. एकोणतिसावी हरवलीय.’

तो गेल्यावर सहा महिन्यांनी तिने रोज दुपारी दोन डिस्क साफ करायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, नवऱ्याचं अपुरं काम पुरं करते आहे बिचारी. तिला तसं काहीच वाटत नव्हतं. खरं तर तिला कसलंच काही वाटत नव्हतं. हाताला काम होतं आणि दुपार सरत होती. नणंद रोज संध्याकाळी सहाला फोन करून विचारायची, ‘रडलीस का?’ जेवलीस का विचारावं, त्या सुरात.

‘नाही अगं.’

‘रडून घे गं वहिनी. आत साचून राहतं ते.’

एकदा कांदा चिरताना तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिने सुरी खाली ठेवून वाट पाहिली. पण ते कांद्याचंच होतं.

रडू येत नव्हतं आणि आठवणही एकाच गोष्टीची यायची, तीही वैतागाची. चहाच्या वेळी तो विचारायचा, ‘आज काय काय केलंस?’ वर्षानुवर्षं, रोज, त्याच शब्दांत, तपासणीला आलेल्या साहेबासारखं. ती म्हणायची, ‘काही नाही.’ तो मान डोलवायचा आणि बशीत चहा ओतायचा. उत्तर त्याला पाठ झालेलं होतं, तरी विचारायचं काही त्याने सोडलं नाही.

आज चार वाजता मास्तर येणार होते. मास्तर म्हणजे नवऱ्याचे मित्र, गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि नवऱ्याइतकेच या डिस्कांच्या नादी लागलेले. सगळ्या डिस्क लॅपटॉपवर उतरवून झाल्या की ते त्या एका संग्रहालयात नेऊन देणार होते. एकोणतिसावी डिस्क नवऱ्याच्या लेखी नुसती हरवलेली होती, मास्तरांना ती दुखत होती. पंचविसाव्या वर्षी त्यांनी एक खेळ लिहून मासिकाला पाठवला होता. साखरेचा दाणा घेऊन वारुळात शिरणारी मुंगी. तो छापून आला, म्हणजे डिस्कवर आला, एकोणतिसाव्या अंकात. आनंदाच्या भरात मास्तरांनी स्वतःजवळची प्रत पुसून त्या डिस्कवर दुसरंच काही लिहिलं. मासिकाच्या डिस्कवर आहेच की, म्हणून. पुढे मासिकाची ती डिस्कही गहाळ झाली, आणि गेली वीस वर्षं ते रद्दीची दुकानं आणि ओळखीच्यांचे माळे पालथे घालत होते.

आणि ती डिस्क इथे होती, ‘रिकाम्या’च्या डब्यात. इथे कशी आली, ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्यात मुंगीशिवाय आणखी काय आहे, ते मात्र तिला एकटीला ठाऊक होतं.

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या दुपारी तिने पिशवी भरली होती. कागद शोधायला ती त्याच्या टेबलाशी गेली. समोर कॉम्प्युटर चालू होता, शेजारी एक डिस्क पडली होती, आणि तिला वाटलं, याच्या भाषेतच लिहावं, तरच वाचेल. त्या यंत्रात आपली अक्षरं नव्हती. तिने इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने, पत्र लिहिलं. मी बहिणीकडे जाते आहे. परत यायचं की नाही, ते ठरवलेलं नाही. महिनाभरात तू मला एकही प्रश्न विचारलेला नाहीस. मी दिवसभर काय करते, हेसुद्धा तुला माहीत नाही.

मासिकाची डिस्क आली की त्या दिवशीच नवरा तिच्या कडेच्या खाचेवर रुपेरी चिकटपट्टी लावायचा. खाच झाकली की डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही. पण ती डिस्क त्याच दिवशीच्या टपालाने आलेली होती आणि खाच अजून उघडी होती. पत्र विनातक्रार डिस्कवर गेलं.

मग बहिणीचाच फोन आला, तिच्याकडे मुलं तापाने पडली होती. उद्या जाऊ म्हणून पिशवी पलंगाखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी तिचा स्वतःचा धीर गेला. पत्र पुसावं म्हणून डिस्क शोधली तर टेबलावर नव्हती. रात्री जेवताना तो म्हणाला, ‘एकोणतीस कुठे दिसत नाही. हरवली बहुतेक.’ तिला सुटल्यासारखं झालं. इतकं, की हरवली तर हा शोधत का नाही, असं तिच्या मनातही आलं नाही. जायचं राहून गेलं, आणि राहायचं झालं.

आता ती डिस्क हातात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या दारावर दूधवाल्याचा फोन नंबर लोहचुंबकाने चिकटवलेला होता. तिने चुंबक काढला. डिस्कवरून दोनदा फिरवला की पत्र गेलं, मुंगीही गेली. मास्तरांना काही कळणार नव्हतं. माणूस जे वीस वर्षं शोधतो आहे, ते त्याने आणखी दहा वर्षं शोधलं तर काय बिघडतं, असंही तिने स्वतःला सांगून पाहिलं. शिवाय संग्रहालयात कुणीतरी परका माणूस चहा पीत आपलं ते पत्र वाचेल, ही कल्पनाच तिला सोसेना. आणि नवरा तर ते न वाचताच गेला. मग इतरांनी का वाचावं?

डिस्क ओट्यावर ठेवायला तिने ती पाकिटातून काढली आणि पाकीट बाजूला सारलं. त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं.

तारखा होत्या. त्यात नवल नव्हतं. डिस्क अजून जिवंत आहे का हे बघायला नवरा ती अधूनमधून वाचायचा आणि पाकिटावर तारीख टाकायचा. मात्र प्रत्येक वाचनाने डिस्क झिजते, म्हणून कारणाशिवाय वाचायची नाही, असा त्याचा दंडक होता. बाकीच्या पाकिटांवर चार, फार तर पाच तारखा होत्या. या पाकिटाची पुढची बाजू भरली होती आणि मागची अर्धी. पहिली तारीख तिने पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. नंतर दर वर्षी एक, त्याच दिवसाची. अक्षर बारीक होत गेलं होतं, शेवटी जरा थरथरलेलं. शेवटची तारीख गेल्या वर्षीची होती.

तिने बोटाने मोजल्या. चौतीस. मग डिस्क उजेडात धरून पाहिली. खाचेवर रुपेरी पट्टी होती, कडा नखाने दाबून दाबून बसवलेल्या.

ज्याच्यापासून लपवायचं, त्यानेच लपवून ठेवलं होतं. ती ओट्याला टेकून, चहाच्या वेळचा तो प्रश्न नेमका कधीपासून सुरू झाला ते आठवू लागली. मग तिने चुंबक फ्रिजला लावला, त्याच्याखाली दूधवाल्याचा नंबर सरळ केला, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

मास्तर नेहमीप्रमाणे दारातच बोलायला लागले. ‘वहिनी, आज चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस झाल्या की आपण निम्म्याच्या बरेच पुढे—’

‘आधी ही घ्या.’

मास्तरांनी चष्मा लावला. लेबल पाहिलं. मग खुर्चीचा हात चाचपडत खाली बसले.

‘कुठे होती?’

‘रिकाम्यांच्या डब्यात.’

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा!’ ते म्हणाले, पण त्यांचा आवाज हसत नव्हता. ‘आणि तो मला दर वेळी म्हणायचा, शोधत राहा मास्तर. स्वतःच्याच घरात होती आणि त्याला पत्ता नाही?’

 तिने जुन्या डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हची वायर लॅपटॉपला जोडली, डिस्क आत सरकवली आणि कडी फिरवली. चकतीवरच्या चाळीस गोल रेघा वाचायच्या असतात, बाहेरून आत. सतराव्या रेघेला ड्राइव्ह अडकला आणि खरखरू लागला. मास्तरांनी डोळे मिटले. तिने वाट पाहिली, एक, दोन, पाच वेळा. सहाव्या खेपेला रेघ सुटली आणि ड्राइव्ह पुढे सरकला.

चाळीस पूर्ण झाल्यावर पडद्यावर यादी आली. मास्तर अंकातली छापील अनुक्रमणिका काढून एकेक नाव ताडून पाहू लागले. मुंगी होती. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं. मग बोट खाली घसरलं.

‘हे शेवटचं काय आहे? अंकात नाही हे. पत्र असं काहीतरी नाव आहे.’

‘माझं आहे.’

‘तुमचं? उघडू?’

‘नको. वाचून झालंय ते.’

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. गणिताच्या माणसाला एवढं पुरलं असावं. ‘संग्रहालयाला द्यायच्या प्रतीतून काढून टाकतो,’ ते हळूच म्हणाले.

‘डिस्क पूर्ण उतरवायची, निवडायचं नाही. असंच म्हणायचे ना हे?’

‘म्हणायचा खरा.’

‘मग राहू दे.’

जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर होता. मास्तरांनी त्यात मुंगी सुरू केली. तीन ठिपक्यांची मुंगी वारुळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मास्तर दोन्ही हातांनी खेळले आणि पहिल्याच वळणावर हरले. पुन्हा हरले.

‘मीच लिहिलेला खेळ, आणि मलाच येईना,’ ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. काच पुसून झाली तरी पुसत राहिले. तिला त्यांचा हेवा वाटला.

ते गेल्यावर तिने डिस्क बाहेर काढून बाजूला ठेवली आणि रिकामं पाकीट पुढ्यात घेतलं. लिहायचं ते डिस्क बाहेर असतानाच, कारण पेन्सिलीच्या टोकाचा दाब आतल्या चकतीवर उमटतो. हेही त्यानेच शिकवलेलं. त्याच्या शेवटच्या तारखेखाली तिने आजची तारीख घातली.

सहा वाजता फोन वाजला.

‘रडलीस का?’

‘नाही अगं.’

‘धन्य आहे तुझी,’ नणंद म्हणाली. ‘मग दिवसभर काय केलंस?’

‘काही नाही’ तिच्या ओठांवर तयारच होतं. तिने टेबलावरच्या पाकिटाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली.

‘दुपारी चव्वेचाळिसाव्या डिस्कची बुरशी पुसली,’ ती म्हणाली. ‘मग खोळीसाठी रिकाम्यांचा डबा उघडला. मग—’

पुढचा शब्द येईना. तिने फोन कानापासून जरा लांब धरला, पण हुंदक्याचा आवाज पलीकडे जायचा तो गेलाच. पलीकडून नणंदेने, आयुष्यात पहिल्यांदाच, काही विचारलं नाही.