पाच आठवड्यांत पिकलेलं पिल्लू

माझ्या प्रबंधातलं वाक्य, पान एकशे बारा: पेशींना जगवणारा हा जनुक बंद केला, की उंदराचं पिल्लू जन्मालाच येत नाही.

तीन वर्षं. चारशे पिल्लं. एकविसाव्या दिवशी वजन, शेपटीच्या टोकाची तपासणी. दर चार पिल्लांमागे एक तरी जनुक बंद असलेलं निघायला हवं. एकही नाही. म्हणजे पोटातच मरतात.

प्रबंध उद्या द्यायचा. द्यायचा होता.

सकाळी प्राणिगृहात गेले. पिंजरे सांभाळणाऱ्या मावशींच्या टेबलाखाली एक जादा पिंजरा. आत—

नाही, आधी हे: आमचे उंदीर काळेकुळकुळीत. आई काळी, बाप काळा.

आत करडा उंदीर. अंगठ्याएवढा.

"मावशी, हा म्हातारा कुठून आणलात?"

"म्हातारा कसला! पाच आठवड्यांचा आहे. तुझ्याच पिंजऱ्यातला. काळाच होता गं, परवापासून पिकायला लागला. माझ्याआधी ह्याचेच केस पांढरे!"

त्या हसल्या.

"वजनाला का नाही आला?"

"मरतुकडी मी दहाव्या दिवशीच काढते. बाकीच्यांना दूध नको पुरायला? आधीच्या साहेबांनीच शिकवलंय. ह्याची तेवढी दया आली, दुसऱ्या आईखाली लावला."

"दर वेताला काढता?"

"एक-दोन. तुला कशाला त्रास."

एक-दोन.

दर वेताला.

मी करडा उंदीर उचलला, शेपटीचं टोक तपासणीला घेतलं, मग भूल देऊन त्याला उघडला.

तपासणी: जनुक बंद.
वजन: भावाच्या निम्मं.
मूत्रपिंडं: पाण्याच्या फोडांनी भरलेली.
छातीतली ग्रंथी: इतकी आक्रसलेली, की शोधावी लागली.

तिच्या पेशी काचेवर घेतल्या, निळा रंग टाकला. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत होत नाहीत.

सगळं निळं.

जन्मतात. जन्मतात, दूध पितात, काळे होतात, आणि मग आतून एकेक पेशी सोडून जाते.

मार्गदर्शक सरांना फोन केला.

"एका उंदरासाठी प्रबंध थांबवतेस? वेड लागलंय का?"

"एक नाही, सर. आपण फेकून दिलेले सगळे."

"सगळे?"

परत आत गेले. नवं वेत, दिवस दहावा. सात पिल्लं, त्यातलं एक कोपऱ्यात, बारीक. मावशींचा हात झाकणावर.

"राहू दे ते, मावशी."

"अगं, जगायचं नाही ते."

"माहीत आहे. रोज वजन करायचंय त्याचं."




त्यांनी हात काढला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.