मोठ्या बाईंच्या दाराबाहेरचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. चार पायांचा, पाठ असलेला, तीन माणसे ऐसपैस बसतील एवढा लांब. मला नीट न्याहाळलेत तर एक गंमत दिसेल. माझ्या बसायच्या फळीचा पुढचा काठ झिजून गुळगुळीत झाला आहे, पण पाठीच्या फळ्या मात्र कितीतरी वर्षे नव्याकोऱ्या राहिल्या होत्या. असे का झाले, त्याचीच ही हकीगत.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. जुन्या दारांच्या चौकटी मोडून त्या लाकडातून त्याने मला घडवले. सुतार भारी चोखंदळ होता. पाय जोडून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर बसला, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला आणि मग पाठ टेकून त्याने खुशाल डोळे मिटले. "अजिबात डुगडुगत नाही," तो म्हणाला. "माणसं विसावतील याच्यावर." ते कौतुक ऐकून मी हरखून गेलो. माझ्यावर पाठ टेकणारे पुढचे माणूस दिसायला चाळीस वर्षे लागणार आहेत, हे मला काय ठाऊक!

एका शाळेने मला विकत घेतले आणि मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर ठेवले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या बदलत गेल्या, पण दार तेच राहिले आणि शिस्तही तीच राहिली. मुलाने काच फोडली किंवा गृहपाठ बुडवला की दप्तरातून घरी चिठ्ठी जायची : 'पालकांनी शाळेत येऊन भेटावे.' दुसऱ्या दिवशी आई नाहीतर बाबा माझ्यावर येऊन बसायचे. बसायचे तरी कसे? अगदी काठावर, गुडघे जुळवून, कधीही उठून उभे राहायच्या तयारीत. घाबरलेला माणूस किती हलका बसतो, ते एका बाकालाच कळते. शिपाईकाका मला 'आरोपीचा पिंजरा' म्हणत आणि सगळे हसत. मला काही हसू येत नसे.

त्यातला एक दिवस मी अजून विसरलेलो नाही. नऊ वर्षांच्या एका मुलाने शाळेच्या भिंतीवर कोळशाने हत्ती काढला होता. एवढाच त्याचा गुन्हा. त्याचे वडील बांधकामावरून तसेच आले होते, पायांना सिमेंट लागलेले. त्यांना आत बोलावले गेले आणि मुलगा एकटाच माझ्यावर बसून राहिला. बंद दारातूनही मोठ्या बाईंचा आवाज ऐकू येत होता. तो पोरगा डाव्या अंगठ्याच्या नखाने माझ्या फळीची खालची बाजू खरवडत होता, खरवडतच होता. वडील मान खाली घालून बाहेर आले. "चल," ते म्हणाले. "उद्यापासून माझ्याबरोबर कामावर यायचं." तो मुलगा पुन्हा कधी शाळेत दिसला नाही. दुसऱ्या दिवशी हत्तीवर चुन्याचा हात फिरला. मी लाकडाचा, माझा काय दोष, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले. पण ते खरवडलेले मला टोचतच राहिले.

अशीच वर्षे गेली. मग एक नव्या मोठ्या बाई आल्या. वयाने लहान, मनाने उत्साही. त्यांनी ठरवले की शाळेत पालकांचा एक गट हवा. कल्पना झकास होती, पण चिठ्ठ्या पाठवायचे काम त्यांनी शिपाईकाकांवर सोपवले आणि तिथेच घोटाळा झाला. काकांनी कपाटातला नेहमीचाच गठ्ठा काढला आणि दोनशे घरी दोनशे चिठ्ठ्या गेल्या : 'पालकांनी शाळेत येऊन भेटावे.' त्या संध्याकाळी दोनशे मुलांनी काहीही न करता बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आले फक्त पाच पालक. त्यांतल्या बेकरीवाल्यांनी आल्या आल्या हात जोडले. "बाई, काच केवढी होती तेवढं सांगा. आजच्या आज बसवून देतो."

"कसली काच?" मोठ्या बाई गोंधळल्या.

तेवढ्यात खाकी गणवेशातल्या एक बाई तरातरा आल्या. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. "माझ्या लेकानं काय दिवे लावले ते एकदाच सांगून टाका," त्या म्हणाल्या. "माझी गाडी सव्वादहाला सुटते."

कोणाचीच काही तक्रार नाही, हे कळल्यावर कंडक्टरबाई इतक्या हसल्या की मी पायांपासून हललो. मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. "म्हणजे बघा बाई, या शाळेचं बोलावणं आलं की आम्ही धरूनच चालतो, पोरानं काहीतरी केलंय. चूक तुमची नाही, आमचीही नाही. त्या चिठ्ठीची आहे. आणि या बाकाची."

आता आपली रवानगी सरपणात, असे मला वाटले. पण त्यांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. "लाकूड चांगलं आहे. याचा थांबा तेवढा चुकलाय. उचला याला."

तेव्हा मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा ऊन दिसले. फाटकाच्या आत, झाडाखाली, जिथे पालक मुलांना सोडून परत फिरतात तिथे मला मांडले गेले.

पालकांच्या गटाचे काम कंडक्टरबाईंनी अंगावर घेतले. पहिला महिना नुसता फजितीचा. माझ्याकडे बघून लोक झपाझप पावले उचलून पुढे जात. एका सकाळी तर गटाच्या सभेला कंडक्टरबाई सोडून चिटपाखरू नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिले, माझ्यावर बसल्या आणि ठरल्या वेळेला सभा सुरू केली. खणखणीत आवाजात त्या मलाच सगळे विषय सांगू लागल्या. ही बाई कोणाशी बोलते आहे, ते बघायला एक आजोबा थांबले आणि अडकले. त्यांचा नातू दुसरीत होता.

"आजोबा, आठवड्यातून एक दिवस पोरांचं वाचन ऐकाल?"

"मला कमी ऐकू येतं हो."

"मग तर फारच छान! पोरं मोठ्यानं वाचायला शिकतील."

या बाईंचे मला किती कौतुक वाटते म्हणून सांगू! गाडी भरायची वाट बघायची नाही, वेळ झाली की सोडायची, हा त्यांचा खाक्या. तीन माणसे असोत की तीस, सभा वीस मिनिटांची. वीस मिनिटे झाली की "शेवटचा थांबा!" म्हणून त्या उठायच्याच. एकच सभा त्या दोनदा घेत, सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना, कारण कोणाची पाळी कधी असते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? 'हे काम कोण करेल?' असे त्यांनी कधीच विचारले नाही. तसे विचारले की प्रत्येक जण आपल्या चपलांकडे बघू लागतो. त्या माणसाकडे बघून काम सांगत. "नर्सताई, चौथीच्या पोरांना जखम कशी धुवायची ते दाखवा. एकच तास." बेकरीवाल्यांनी तर तराजू आणि पीठ घेऊन वजनमापांचा असा धडा घेतला की गुरुजीसुद्धा मुलांत जाऊन बसले. आणि कोणी माझ्या काठावर टेकले की त्यांचे ठरलेले वाक्य असे, "मागे सरकून बसा हो. काठावर कशाला?"

चिठ्ठ्याही बदलल्या. मुलाने काही चांगले केले की शिक्षकांनी दोन ओळी लिहून घरी पाठवायच्या, असे त्यांनी सुचवले. मोठ्या बाई जरा घुटमळल्या. "चांगलं वागल्याबद्दल कोणी चिठ्ठी पाठवतं का?"

"आजवर कोणी पाठवली नाही खरी. आपण पाठवून तर बघू."

हळूहळू माझ्यावर जागा अपुरी पडू लागली. मी सुखात होतो. पण एक माणूस मात्र मला सुखाने राहू देत नव्हता. तो रंगारी होता. रोज सायकलवरून मुलीला सोडायला यायचा. मुलगी चौथीत, हुशार, पण वर्गात तोंड उघडायची नाही. वर्गातल्या बाई तिला लाडाने 'गप्पू' म्हणत. रंगारी फाटकाबाहेरच थांबायचा, आत पाऊल टाकायचा नाही. एक दिवस मी पाहिले, मुलगी आत जाईपर्यंत तो डाव्या अंगठ्याच्या नखाने फाटकाचा रंग खरवडत उभा होता. मी त्याला ओळखले. हत्तीवाला पोरगा!

त्याच सुमारास त्याला आजोबांशी बोलताना मी ऐकले. "चौथी झाली की बास. पुढं शाळा काय आपल्यासाठी असते?" माझ्या जिवाची घालमेल झाली. एक मूल माझ्यावरून उठून शाळेबाहेर गेले होते. आता त्याची लेकही त्याच वाटेने जाणार होती. याने एकदा तरी आत यावे आणि माझ्यावर निवांत बसावे, एवढाच एक ध्यास मला लागला.

मग गप्पूच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी गेली. 'आज तुमच्या मुलीने फळ्यावर गणित सोडवले आणि शेजारणीला समजावूनही सांगितले.' दुसऱ्या दिवशी रंगारी ती हातात धरून फाटकाच्या आत आला. फक्त एक पाऊल.

"काय केलं हिनं?" त्याने विचारले.

"चिठ्ठी वाचली नाहीत का?" कंडक्टरबाई म्हणाल्या.

"तीनदा वाचली. तक्रार कुठं लिहिलीय तीच सापडेना."

"तक्रार नाहीच. शाबासकी आहे. बसा ना."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "या बाकावर नाही बसणार मी. याच्यावरून माझे वडील आत गेले आणि मान खाली घालून बाहेर आले. त्यानंतर शाळा संपली माझी."

दुसरे कोणी असते तर समजूत घालत बसले असते. कंडक्टरबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "मग नका बसू," त्या म्हणाल्या. "आमच्या गाडीत उभे राहतात तेही प्रवासीच असतात. आणि माझ्याकडे उभ्यानं करायचंच काम आहे. पहिलीच्या वर्गाबाहेरची भिंत फार भकास दिसते. रंगवाल?"

"काय काढू?"

"ते पोरांना विचारा."

भोवती जमलेल्या पोरांकडे रंगारी वळला. तेवढ्यात गप्पूचा आवाज आला, चांगला खणखणीत. "हत्ती! घरी काढता ना बाबा, तसा."

रंगाऱ्याने पटकन तोंड फिरवले. ज्या भिंतीवरचा हत्ती पुसला गेला होता ती भिंत हीच, हे त्याला आणि मलाच माहीत होते.

तो हत्ती आज दाराच्या उंचीचा आहे. पायांना सगळ्या पहिलीच्या मुलांनी रंग लावला, म्हणून चारही पाय चार तऱ्हेचे झाले आहेत. भिंत संपली तरी रंगारी सभेला येत राहिला. माझ्याजवळ उभा राहायचा, झाडाला टेकून. कोणी त्याला बसायचा आग्रह केला नाही. वर्षअखेरीस मला रंग द्यायचे ठरले आणि ते काम आपसूक त्याच्याकडे आले. त्याने मला उलटे केले आणि त्याचा हात थांबला. फळीच्या खालच्या बाजूला ते खरवडलेले तसेच होते. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. आता तो अंगठा चांगला थोराड झाला होता, त्या खुणेत मावत नव्हता. मग त्याने ती जागा पुट्टीने भरली, घासून सारखी केली, प्रायमर लावला आणि निळ्या रंगाचे दोन हात दिले. मी चकाचक झालो. सगळ्यांनी माझी वाहवा केली. रंग वाळला, तरी तो बसला नाही.

निकाल जवळ आला. पाचवीच्या प्रवेशाचे फॉर्म वाटले गेले आणि परत करायचा शेवटचा दिवस उजाडला, तरी गप्पूचा फॉर्म आला नव्हता. रंगारी आला होता, पण फॉर्मचे नाव काढत नव्हता. कंडक्टरबाई त्या दिवशी गाडीवर होत्या. तेवढ्यात फाटकाशी एक बाई येऊन थांबल्या, कामावरच्या एप्रनमध्येच, हातात शाळेची चिठ्ठी. मुलगा नवीनच दाखल झालेला. "मला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "काय केलं हो त्यानं?"

रंगाऱ्याने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. तो तीन पावले चालला आणि माझ्यावर बसला.

"बसा ताई," शेजारची जागा हाताने पुसून तो म्हणाला. "चिठ्ठी नीट वाचा. तक्रार शोधू नका, मीही शोधली होती. सापडत नाही."

त्या बाई काठावर टेकल्या.

"मागे सरकून बसा," रंगारी म्हणाला. आणि सांगता सांगता तो स्वतःच मागे सरकला. त्याची पाठ माझ्या पाठीला लागली. केवढी रुंद, केवढी जड! मित्रांनो, त्या ओझ्यासाठी मी जन्मभर थांबलो होतो. मला फार आनंद झाला.

थोड्या वेळाने त्याने खिशातून चौपदरी घडी घातलेला एक कागद काढला. गप्पू पळत पेन घेऊन आली. माझ्यावर रेलून, मांडीवर कागद ठेवून त्याने पाचवीचा फॉर्म भरला.

आज माझ्या पाठीवरचा निळा रंग उडू लागला आहे. रंगारी म्हणतो, पुन्हा हात मारू. माझी काही घाई नाही, पाठी टेकून टेकून रंग उडतो याचे मला भूषण वाटते. बालमित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखा एखादा जुना बाक असेल. त्याच्यावर नखे चालवू नका, पावसात त्याला भिजत ठेवू नका. आणि एक दिवस तुमच्या आईला, बाबांना किंवा आजोबांना काहीही कारण नसताना शाळेत घेऊन या. ते काठावर बसतील. त्यांना म्हणा, मागे सरकून बसा.