काखेतले दोन ठिपके

आमच्या सासूबाई मोडतील, पण ‘सूनबाई, तुझं बरोबर’ असं म्हणायच्या नाहीत. थंडीतल्या तापाची लस घ्या म्हणून मी महिनाभर घसा कोरडा केला. घरात तान्ही पोर, आणि सासूबाईंचा खोकला दरवर्षी ठरलेला! तर म्हणे, “सुया मी कापडाला टोचते, स्वतःला नाही.” शिवणकामात जन्म गेला, बोलणंही तसंच टोचरं.

मग त्यांच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. तो काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचलाय का, ते बघायला मोठं स्कॅन ठरलं. पोचला असेल तर काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढायच्या, आणि मग तो हात कायमचा सुजू शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. उजवा हात. कात्रीचा.

स्कॅनआधी शिरेतून साखरेसारखं औषध दिलं. कॅन्सर साखरेला हपापलेला, म्हणून तो पडद्यावर उजळतो. तोवर तासभर गप्प पडून राहायचं होतं, आणि सासूबाई चक्क गप्प राहिल्या!

पडद्यावर गाठ उजळली होती, आणि काखेत दोन ठिपके.

“या दंडात इतक्यात लस, इंजेक्शन काही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही.”

“आठवून बघा हं.”

“नाही म्हटलं ना!”

डॉक्टरीणबाई मोठ्या ऑपरेशनचं बोलू लागल्या. सासूबाई मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. मग एकदम पुढे वाकून कुजबुजल्या, “मागच्या आठवड्यात घेतली. तापाची लस. पण हिला सांगू नका.”

अहो, मी शेजारीच बसले होते!

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. लस टोचली की त्या बाजूच्या ग्रंथी कामाला लागतात, फुगतात आणि स्कॅनमध्ये अशाच उजळतात, म्हणाल्या. तरी खात्री हवी, म्हणून सोनोग्राफीत बघत सुईनं काखेतला नमुना घेतला. चार दिवस आमचा जीव टांगणीला. रिपोर्ट आला: काखेत कॅन्सर नाही. स्तनातली गाठ काढायची होतीच, पण सगळी काख रिकामी करायचं टळलं.

रिपोर्ट घेऊन घरी आल्यावर मी भडकलेच. “आई, हात गेला असता! लपवलंत कशाला?”

“तू मिरवलं असतंस.”

“मग घेतलीत तरी कशाला?”

“ऑपरेशनच्या आधी पोरीला पोटभर मांडीवर घ्यायचं होतं,” त्या म्हणाल्या. “पुढचं कुणी बघितलंय? आणि माझा खोकला तिला लागला असता तर?”

मी आत गेले, पाळण्यातून पोरीला उचललं आणि त्यांच्या उजव्या हातावर ठेवलं.