एका गावाला बारा मिनिटं

इटलीतली एकोणतीस खेडी ज्ञानदेव खोब्रागड्यांनी सहा दिवसांत उरकली होती. मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत, टेस्टिंगमध्ये, बत्तीस वर्षं काढलेला माणूस. निघण्याआधीच त्यांनी तक्ता केला. एका गावाला बारा मिनिटं. पार्किंगला दोन, चर्चला पाच, फोटोंना तीन आणि कांताला गाडीत परत बसवायला दोन. या शेवटच्या कामाला प्रत्यक्षात चार लागायला लागली, तेव्हा त्यांनी चर्चमधली दोन कापली. देवाशी त्यांचा तसाही काही संबंध नव्हता.

खरं तर हट्ट कांताचा होता. तिला रोम नको होतं, व्हेनिस नको होतं.

"मला खेड्यात जायचंय. आणि एकाच खेड्यात आठ दिवस राहायचंय."

"आठ दिवस करणार काय तिथे?"

"बसणार."

बसणं मोजता येत नाही, म्हणून ते तक्त्यात आलं नाही.

परतल्यावर सात महिन्यांनी कांता गेली. आता रविवारी तिचा पहिला स्मृतिदिन होता. घरीच बुद्धवंदना, मग जेवण. चाळीस माणसं येणार होती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंशेजारी तिचा फोटो ठेवायचा होता. वर्षभर होता तो पासपोर्टचा. त्यात ती विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर उभी असावी तशी दिसे.

"बाबा, आईचा एक तरी हॅपी फोटो हवा," उपासना म्हणाली. त्यांची ही एकुलती लेक ॲन आर्बरला वकिली करते आणि पुराव्याशिवाय काही मानत नाही.

"इटलीचे सहाशे आहेत. हवा तो घे," ज्ञानदेव म्हणाले.

शनिवारी सकाळी दोघं डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसले.

"हा?"

"यात ती गाडीत बसतेय, बाबा."

"हा बघ, मागे डोंगर किती छान आलाय."

"यात उतरतेय."

"आणि हा?"

उपासनानं चष्मा वर केला. "बसतेय की उतरतेय, कळत नाही."

शंभर फोटो झाले. द्राक्षांचे मळे होते, दगडी कमानी होत्या, उन्हात झोपलेली मांजरं होती, टायरमधल्या हवेचे दोन फोटो होते. कांता होती तिथे तिचा एक हात गाडीच्या दारावर होता. भाड्याच्या त्या गाडीची जाहिरात करायला मिशिगनहून बाई आणली असावी, असा सगळा अल्बम. उपासना आधी खूप हसली. चौथ्या शंभरात तिचं हसणं थांबलं. ज्ञानदेव आणखी भराभर पुढे जाऊ लागले. एक, एकच फोटो त्यांना हवा होता, ज्यात कांता त्या गावात पोचलेली असेल.

मग एक व्हिडिओ निघाला. फोटो काढताना बोट चुकून झालेला. गाव तेविसावं, अकरा घरांचं. गाडीच्या काचेतून चौक दिसत होता. चौकात दगडी हौद, त्यात नळाची अखंड धार. एक म्हातारी बादली भरत होती. कांताला पाहून तिनं बादली उचलून बाजूला ठेवली, स्वतः सरकली आणि हातानं खूण केली, आधी तू घे.

कांतानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग वाकून धारेखाली ओंजळ धरली.

"ती साइडला का बघतेय?" उपासनानं विचारलं.

ज्ञानदेवांना माहीत होतं. कांताचं गाव हिंगणघाटच्या पुढे. तिथल्या विहिरीपाशी तिनं लहानपणी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडी पुसताना तिनं हे एकदाच सांगितलं होतं. नागपुरात, इंदोऱ्यात घरच्या नळावर वाढलेल्या ज्ञानदेवांनी ते फार वाईट वाटून घेऊन ऐकलं होतं. नंतर चाळीस वर्षं त्यांना ते नुसतं माहीत होतं.

त्यांनी लेकीला ते सांगितलं. सांगून होतंय तोवर लॅपटॉपमध्ये हॉर्न वाजला. दोनदा. मागोमाग त्यांचाच आवाज, "कांता, पाण्याची बाटली गाडीत आहे! चल लवकर!"

कांताची ओंजळ सुटली. तिनं म्हातारीला हात जोडले, नवऱ्याच्या वतीनं हसायची तशी हसली आणि येऊन दारावर हात ठेवला.

ज्ञानदेवांनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा.

"बाबा, नको ना. प्लीज."

सहाव्या वेळीही हॉर्न वाजला.

शेवटी उपासनानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला, हॉर्नच्या आधी व्हिडिओ थांबवला आणि तेवढंच चित्र कापून घेतलं. वाकलेली मान, भरलेली ओंजळ, लहान मुलीसारखा चेहरा. हॅपी फोटो मिळाला होता.

रविवारी वंदना झाली. ताट घेऊन प्रफुल्ल रामटेके फोटोपाशी थांबला. तो वर्ध्याकडचा, कांताच्याच भागातला, तिला वहिनी म्हणायचा.

"किती खूश दिसतात वहिनी! गावातलं पाणी आहे का भाऊ हे? गोड होतं?"

"बाबा, प्रफुल्लकाकांना भात वाढा ना," उपासना घाईनं म्हणाली.

"ती प्यायली नाही," ज्ञानदेव म्हणाले. "मी हॉर्न वाजवला."

प्रफुल्ल हसला. भाऊ असंच तोंड करून विनोद सांगत. मग त्याचं हसू विरलं. तो परत फोटोकडे वळला.

"घे म्हणालं होतं का कोणी त्यांना?"

"हो. म्हातारी होती एक. स्वतःची बादली बाजूला ठेवली तिनं."

प्रफुल्लनं ताट खाली ठेवलं.

"आणि तुम्ही, भाऊ..."

"हो," ज्ञानदेव म्हणाले.