उपाशी झोपवलेली गाडी

"ताता, तुम्हाला तुमच्याच गाडीला किक मारायची भीती वाटते का?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणी दीक्षिता आणि अफ्रीन यांनी तो मला विचारायला लावला होता. विचारला, तर दोघी मिळून मला चुरमुरीची मोठी पुडी देणार होत्या. आत्ता त्या फाटकाबाहेर सायकली धरून, पळायच्या तयारीत उभ्या होत्या. मी मात्र सरळ अंगणात शिरले. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. पण गेल्या महिन्यात वादविवादात पहिली आले आणि तेव्हापासून कुणालाही काहीही विचारायला मी मोकळी आहे, असं मी ठरवून टाकलंय.

चेलुवराजू ताता आमच्या गल्लीच्या टोकाला एकटेच राहतात. ते माझे आजोबा नाहीत, पण गल्लीतली सगळी पोरं त्यांना ताताच म्हणतात. येझदी मोटरसायकलच्या फॅक्टरीत ते कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनला पेट्रोल पाजणाऱ्या भागाच्या, टेबलावर होते. फॅक्टरी बंद झाली तरी अर्ध्या मैसूरच्या जुन्या मोटरसायकली त्यांच्या अंगणात यायच्या आणि जाताना छान फटफटत जायच्या. त्यांची स्वतःची काळी येझदी रोडकिंग मात्र दोन वर्षं ताडपत्रीखाली होती.

ताता चिडले नाहीत. म्हणाले, "भीती नाही वाटत, पुट्टी. लाज वाटते." गल्लीतल्या सगळ्या पोरींना ते पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणतात.

"कसली लाज?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते, थंडीत थरथरतात तसे. "हे एक. आणि दुसरं बघायचं असेल तर ताडपत्री काढ."

मी ताडपत्री काढली. धूळ, एक मेलेली पाल, आणि खाली गाडी.

"आता टाकीखालचा कॉक बघ. पेट्रोलचा नळ गं. दांडी कुठं आहे?"

"खाली."

"म्हणजे उघडा." ते खुर्चीत बसले. "चाळीस वर्षं मी पोरांच्या कानीकपाळी ओरडलो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर आधी कॉक बंद करा, इंजिन चालू ठेवा, कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळून ते आपणहून बंद पडू दे. गाडीला उपाशी झोपवा. आणि मीच शेवटच्या दिवशी हात फार थरथरला म्हणून जी गाडी लावली, कॉक संध्याकाळी बंद करू म्हटलं, ती संध्याकाळ काही आली नाही."

"मग तुमचे फॅक्टरीतले दोस्त दर गुरुवारी कॉफीला येतात, त्यांना सांगायचं ना."

"कॉक उघडा दिसला तर ते म्हातारे मला जन्मभर सोडणार नाहीत. माझा निम्मा जन्म मी त्यांना याच गोष्टीवरून शिव्या घातल्यात."

मला हसू आलं, पण पुढचं ऐकून ते जिरलं. त्यांची मुलगी सौजन्या अक्का बंगळूरला असते. तिच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला ही गाडी हवी होती. चालवायला नाही, भिंतीवर टांगायला. खालून दिवे सोडणार होते म्हणे. रविवारी ती येणार होती. गाडी चालू झाली तर राहील, नाही तर सोमवारी हॉटेलचा टेम्पो.

"मला चालवायची नाही गं आता," ताता म्हणाले. "आठवड्यातून एकदा तिचा आवाज ऐकला की झालं. पण कार्बोरेटरचे स्क्रू माझ्या हातात राहत नाहीत."

"माझ्या हातात राहतात," मी म्हटलं. हे मला तोंडातून बाहेर पडल्यावरच कळलं.

बाहेर सायकलींची घंटी वाजली. अफ्रीन ओरडली, "सिंचना, जिवंत आहेस का?"

"चुरमुरी आणा," मी ओरडले, "आणि एक रिकामा कॅनपण आणा."

बुधवारी आम्ही टाकी रिकामी केली. गुरुवारी कॉफीवाल्या मंडळींना तातांना ताप आहे असं सांगून फाटकावरूनच परत पाठवलं. ते काम दीक्षितानं केलं, कारण खोटं बोलताना तिचा चेहरा देवळातल्या पुजाऱ्यासारखा होतो. मग कार्बोरेटर खाली आला. त्याच्या बुडाशी पेट्रोल साठायची वाटी असते. ती उघडली आणि माझं नाकच बंद झालं. पेट्रोलचा वास असा नसतो. हा जुन्या नेलपॉलिशचा, कुजलेल्या वार्निशचा वास होता, आणि रंग अम्माच्या कॉफीच्या डिकॉक्शनसारखा. वाटीच्या तळाशी तपकिरी चिकट थर बसला होता.

"दोन वर्षं थेंब थेंब उडत गेला, आणि वरून नवा येत राहिला," ताता म्हणाले. "त्यात मिसळलेलं ऑईल तेवढं मागे राहिलं. कॉक उघडा राहिला की असंच होतं. बघून ठेव. ही माझी मार्कशीट."

मग आली पितळेची जेट, पेट्रोल बारीक धारेत सोडणारी. करंगळीच्या नखाएवढी, मधून भोक. भोक कसलं, उजेडाकडे धरलं तर काहीच दिसेना. मी केसांतली पिन काढली.

"ठेव ती," ताता इतक्या जोरात म्हणाले की अफ्रीनच्या हातातली पुडी सांडली. "लोखंड पितळेला खातं. भोक केसाएवढं मोठं झालं तरी गाडी जन्मभर जास्त पिणार. मऊ तांब्याची तार लागते."

तांब्याची तार कुठून आणायची? मग मला माझे मेलेले इअरफोन आठवले. एका कानानं बहिरे झालेले, म्हणून दप्तराच्या तळाशी पडलेले. त्यांची वायर सोलली तर आत केसासारख्या तारा. एक तार ओवली, पुढेमागे केली, फुंकर मारली, पुन्हा ओवली. पाऊण तास. ताता नुसते बघत होते आणि त्यांची बोटं मांडीवर माझ्या बोटांबरोबर हलत होती. शेवटी जेट उजेडाकडे धरली आणि पलीकडे सुईच्या टोकाएवढं आकाश दिसलं.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"कुठल्या रंगाचं?"

"निळं."

"मग साफ आहे."

शनिवारी संध्याकाळी नवं पेट्रोल, त्यात मापानं ऑईल. अकराव्या किकला गाडी आधी खोकली, मग धुराचा एवढा ढग सोडला की समोरच्या घरातून गॅस गळतोय का म्हणून विचारायला आले. आणि मग तो आवाज. ताता डोळे मिटून उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता कॉक बंद कर. उपाशी झोपव तिला." मी दांडी आडवी केली. मिनिट दोन मिनिटं ती फटफटली, मग हळूच थांबली.

रविवारी सकाळी माझी गणिताची बॅच असते. घरून मी निघाले दप्तर घेऊन, पोचले तातांच्या अंगणात.

सौजन्या अक्का आली होती. हातात मोबाईल, कपाळावर आठी. ताता इस्त्रीचा शर्ट घालून उभे. त्यांनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. सात, आठ, नऊ. त्यांच्या कपाळावर घाम. अफ्रीननं माझा दंड घट्ट धरला.

"अप्पा, पुरे आता," अक्का म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. "मी त्यांना फोन करते."

ताता गाडीकडे बघेनात. मी बघितलं. काल संध्याकाळपासून काय काय केलं ते उलटं आठवत गेले, आणि माझी नजर टाकीखाली गेली. दांडी आडवी. आम्ही तिला इतकं नीट उपाशी झोपवलं होतं की सकाळी जेवायलाच घातलं नव्हतं.

"ताता," मी म्हटलं, "कॉक."

त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे. मग आम्ही दोघं असे हसलो की अक्कानं मोबाईल खाली घेतला. मी दांडी खाली केली, दहा मोजले, कार्बोरेटरवरचं बटण बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

अक्कानं धुरात पुढे होऊन टाकीवर हात ठेवला. लहानपणी ती याच टाकीवर बसून शाळेत जायची, हे तिनं स्वतःच सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "आज चालू झाली, खरं आहे. पण दर आठवड्याला हे कोण करणार? यांचे हात बघितलेस ना? नुसती उभी राहिली तर पुन्हा तेच होणार. मग भिंत काय वाईट?"

तिचं म्हणणं बरोबर होतं.

"अक्का, हॉटेलवाल्याला फोन करू नका. दहा मिनिटं थांबा," मी म्हटलं आणि घरी पळत सुटले. वाटेत गणिताच्या सरांना फोन लावला.

घरी माझे अप्पा उपम्यासारखा खारा बात खात होते आणि अम्मा कॉफी गाळत होती. मला बघून दोघांनीही एकदम घड्याळाकडे बघितलं. अम्मानं नाक वर करून हवा हुंगली.

"अप्पा, अम्मा," मी दारातूनच म्हटलं, "मी आज गणिताला गेले नव्हते, त्याबद्दल काय रागवायचं ते नंतर एकदम रागवा. मी सरांशी बोलले, शनिवारच्या बॅचला जागा आहे आणि मी तिथं नाव घातलंय. रविवारी सकाळी मी तातांच्या अंगणात असणार, गाडी चालू करायला आणि तिला परत उपाशी झोपवायला. दर रविवारी, परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा."