प्रार्थनेसाठी म्हणून सांगते

दौंडातल्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं काही दुखलं-खुपलं, की पहिला फोन सोजराबाईंना. पाळकसाहेबांना नंतर आणि डॉक्टरला त्याहून नंतर. बाई प्रार्थनेला बसल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, देव शेजारच्याच खुर्चीवर टेकलाय आणि हिचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय बिचाऱ्याला उठायची सोय नाही. मालक रेल्वेत होते, ते गेल्यापासून तर बाईंचा सगळा जीव ह्यातच. दर बुधवारी दुपारी त्यांच्या घरी बायकांची प्रार्थना भरायची. सतरंजी, गीतं, वचन आणि मग एकेकीच्या विनंत्या. अमकीच्या सुनेला दिवस जाऊ देत, तमकीच्या नवऱ्याची बदली टळू दे. देणारा देव, मागणाऱ्या बायका आणि मध्ये सोजराबाई.

आता खरं सांगायचं तर बाईंच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. पण चहाडी म्हणाल, तर ती त्यांनी जन्मात केली नाही. चहाडी हे पाप, असं त्याच दुसऱ्यांना शिकवायच्या. त्यांचं आपलं एकच वाक्य असायचं, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हो." त्या वाक्याच्या पदराखाली काय काय खपून गेलं, ते मोजायला बसलो तर गोष्ट राहील बाजूला.

नीलम ही त्यांच्या भावाची मुलगी. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिला माहेर म्हणून उरली ती ही एक आत्या. न्हावऱ्याला दिलेली. नवरा रविराज, स्वतःची व्हॅन. गावातली पोरं शिरूरच्या शाळेत न्यायची-आणायची हाच धंदा. सरळ माणूस, एकेका पोराला हाताला धरून उतरवणारा. हा माणूस पावसाळ्यात मिटत चालला. जेवण नाही, झोप नाही, मागं पोरांचा कालवा चाललेला आणि हा एका हातानं डोळे पुसतोय. नीलम घाबरली, त्याला पुण्याला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी आधी गाडी बंद ठेवायला लावली, पुढं तब्येत बघून 'चालवा आता' म्हणाले. गडी परत भाकरी मागून खायला लागला.

हे सगळं नीलमनं फोनवर आत्याला सांगितलं. "तुलाच सांगतीय, आत्या. प्रार्थना कर. पण कुणापाशी बोलू नको. गावाला कळलं तर येडा म्हणतील ह्यांना. कोण पाठवंल पोरं?"

"माझ्या पोटात ऱ्हाईल गं बाई," आत्या म्हणाली. आणि ती खोटं बोलली नाही. त्या घटकेला ते खरंच होतं. कणकेचे हात तसेच जोडून तिनं चुलीपुढं प्रार्थना केली, डोळ्यांतून पाणी काढून केली.

मग आला बुधवार. त्या दिवशी विनंत्या अगदीच मिळमिळीत निघाल्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या नातवाची परीक्षा. दोघी-तिघी जांभया देत होत्या. सोजराबाईंना ते बघवेना.

"एक नाजूक गोष्ट हाय," त्या हळूच म्हणाल्या. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते. नाव घेत न्हाई. आपलाच एक भाऊ हाय, न्हावऱ्याकडचा. डोक्याच्या गोळ्या चालू हायत त्याला. आन् बिचारा शाळेच्या पोरांची गाडी चालवतो."

"अगं बाई!" सगळ्या बायका एकदम पुढं सरकल्या. ते पुढं सरकणं बाईंना गुळासारखं गोड लागलं, हे काही लपवण्यात अर्थ नाही. मग कुणाचा चुलता असाच होता, गोळ्यांनी कसं होतं, माणूस कधी काय करील नेम नाही, असं चांगलं रंगलं. फक्त भागुबाई गप्प बसून ऐकत होती. तिची लेक प्राची न्हावऱ्यालाच दिलेली आणि प्राचीची दोन्ही पोरं शाळेच्या गाडीनंच जायची. नाव कशाला लागतंय?

आठवडा उलटायच्या आत नीलमचा फोन. आवाज ओळखू येत नव्हता.

"आत्या, आधी त्या प्राचीनं पोरं काढली. मग सगळ्यांनीच एकेक करून काढली. गाडी दारात उभी हाय. हे आतल्या खोलीत भिताडाकडं तोंड करून पडल्यात. गोळीबी घेईनात. म्हणत्यात, ह्या गोळीनंच माझं नाव घालवलं. न घेता परत तसं झालं तर काय करू गं मी?" मग ती थांबली. "तुला सोडून मी कुणाला सांगितलंच न्हवतं. दवाखान्यात कुणी बघितलं असंल का?"

सोजराबाईंच्या हातात फोन होता आणि तोंडाशी खरं आलेलं होतं.

"असंल बाई," त्या म्हणाल्या.

"तसंच असंल. तू हायस म्हणून तरी जीव ऱ्हायलाय," नीलम म्हणाली आणि बराच वेळ रडली. आत्यानं ते सगळं ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून बाईंचं चित्त उडालं. जीभ घसरली ते एक वेळ समजू, पण पोरगी विश्वासानं विचारत असताना तिला दुसऱ्याच वाटेनं धाडली, हे कुठं ठेवायचं? 'देवा, मला माफ कर' असं त्या उठता-बसता म्हणत होत्या. उपास केला. गीतांचं पुस्तक काढलं, पण आवाज फुटेना. आत काही हललंच नाही. कितीदा तरी वाटलं, आता हलकं वाटंल, आणि लगेच भिंतीकडं तोंड करून पडलेला रविराज डोळ्यांपुढं यायचा. प्रार्थनेची मोठी मिजास असलेल्या ह्या बाईला स्वतःसाठी एक धड प्रार्थना जमेना, एवढी तिला आपली लाज वाटत होती.

प्रभुभोजनाचा रविवार आला. रांगेनं सगळे वेदीपुढं जाऊन गुडघे टेकत होते, भाकर आणि प्याला घेत होते. बाई जागच्या उठल्या नाहीत.

"गुडघा धरला का?" भागुबाईनं कुजबुजत विचारलं.

"व्हय," बाई म्हणाल्या. देवळात बसून आणखी एक खोटं.

उपासना सुटली तशा त्या पाळकसाहेबांना शोधत मागल्या अंगणात गेल्या. पाळकसाहेब वयानं त्यांच्या मुलासारखे. पाण्याची मोटर बिघडलेली, ती खोलून बसले होते. बाईंनी पदर तोंडाला लावून सगळं सांगून टाकलं, 'असंल बाई' सुद्धा.

"आता माझ्यासाठी प्रार्थना करा, साहेब. लई जड झालंय."

पाळकसाहेबांनी हातातला पान्हा खाली ठेवला. "मावशी, देवाला सगळं ठाऊक हाय. त्याला रोज तेच तेच काय सांगता? ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगा की."

"नीलम मला दारात उभी करायची न्हाई."

"न्हाई तर न्हाई."

"तिला दुसरं कुणी न्हाई हो. आत्याबी गेली तर?"

"ती गेलीच हाय, मावशी. तिला अजून ठाऊक न्हाई एवढंच." मग बाईंचा चेहरा बघून ते जरा वरमले. "वेदीपाशी आल्यावर आठवलं, की आपण कुणाला दुखवलंय, तर अर्पण तिथंच ठेवायचं आन् आधी त्या माणसाकडं जायचं, हे तुम्हीच बायकांना शिकवता न्हवं? चला, हात धुतो. स्टँडवर सोडतो तुम्हाला."

झालं. सांत्वन मागायला आलेली बाई स्कूटरच्या मागं बसून एस.टी. स्टँडवर पोचली.

पाटसला उसाच्या ट्रॅक्टरांमागं एस.टी. रखडली, चौफुल्याला गाडी बदलावी लागली. बाईंचं बाहेर लक्ष नव्हतं. नीलमला काय सांगायचं ते मनात जुळवत होत्या आणि प्रत्येक वाक्यात एक 'पण' येत होता. मी बोलले, पण नाव घेतलं नाही. मी बोलले, पण प्रार्थनेसाठी. मी खोटं बोलले, पण तुला वाईट वाटू नये म्हणून. भीमेचा पूल मागं पडला तेव्हा त्यांनी कंटाळून सगळे 'पण' टाकून दिले. उरलं ते एवढंसंच होतं.

दारात आत्याला बघून नीलमनं गळामिठीच मारली. "अहो, आत्या आली! आता प्रार्थना हुईल घरात," ती आतल्या खोलीकडं बघून म्हणाली.

"बस खाली. पाणी नको. आधी ऐक," आत्या म्हणाली. "दवाखान्यात कुणी बघितलं न्हाई. बुधवारी बायकांच्यात मी बोलले. भागुबाई होती तिथं."

नीलम बसता बसता थांबली. "मी फोनवर इचारलं तवा?"

"तवा खोटं बोलले."

"मी तुझ्यापाशीच रडले की गं! आन् तू ऐकून घेतलंस?"

"व्हय."

नीलम ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं आत्याला वाटलं. "आलीयस तर ऱ्हा. पोचवायला कुणी न्हाई," ती म्हणाली. "पण माझ्या घरात तू प्रार्थनेला तोंड उघडायचं न्हाई. सांगून ठेवते."

इतक्यात आतल्या खोलीचं दार वाजलं. रविराज बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"आत्या, एक इचारू?" तो म्हणाला. "त्या बायकांनी मंग प्रार्थना केली का माझ्यासाठी?"

इथं एक 'हो' म्हणून बाईंना सुटता आलं असतं. तेवढाच त्या पोराला दिलासा मिळाला असता आणि बाईंची थोडी लाज राहिली असती. कुणी पडताळायला जाणार नव्हतं.

"न्हाई, जावईबापू," त्या म्हणाल्या. "बोलतच बसलो. मंग चहा आला."

रविराज भिंतीला टेकून खालीच बसला आणि चक्क हसला. कोरडं, पण हसला. "म्हंजी बोभाटा तेवढा झाला, प्रार्थना ऱ्हायलीच!"

नीलमला मात्र रडू फुटलं. तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "गावभर केलंस न्हवं? मंग जा आता दारोदार आन् निस्तर."

"जाते," आत्या म्हणाली. "जावईबापू, सकाळी शाळेच्या येळंला गाडी काढा."

"पोरं कुठं हायत गाडीला?"

"मी बसते की."

संध्याकाळी नीलमनं डॉक्टरांना फोन करून चुकलेल्या गोळ्यांचं सांगितलं; 'गोळी परत सुरू करा, गाडी चालवली तरी चालेल' म्हणाले ते. मग तिनं गोळी आणि पाण्याचा पेला नवऱ्यापुढं ठेवला. त्यानं आत्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि घेतली एकदाची.

सकाळी व्हॅन निघाली. पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन सोजराबाई बसलेल्या. नेहमीच्या प्रत्येक घरापुढं रविराज हॉर्न वाजवायचा, बाई उतरायच्या आणि तेच बोलायच्या. "हे आजारी होते, औषधानं सुधारलेत. डॉक्टरांना इचारूनच गाडी चालवत्यात. गावभर बोंब मारली ती मी. ह्यांची काय चूक न्हाई." प्राचीनं ऐकून दार लोटून घेतलं. एका घरी 'बघू' म्हणाले, एका घरी ओट्यावरची पोरंटोरं फिदीफिदी हसली. दौंडात हिच्या शब्दावर डोळे मिटणारी माणसं. इथं प्रत्येक दारात तिची बोबडी वळत होती. दर वेळी वाटायचं, आता पुढचं घर नको. आणि हॉर्न वाजायचाच.

शेवटचं घर तुळजाबाईंचं. मोठं बागायती घर, कारखान्याचे पुढारी तिच्या ओट्यावर चहा पिऊन जायचे. म्हातारीनं सगळं ऐकलं. "माझ्या दिराचं असंच झालं हुतं," ती म्हणाली. "तवा गोळ्या कुठल्या? विहिरीपाशी राखण बसवायचो. एक दिवस राखण चुकली." ती व्हॅनकडं बघत राहिली. "तू रोज बसणार का हिच्यात?"

"रोज?"

"मंग? उगं दारात येऊन रडायला काय जातंय? डॉक्टरवर इस्वास हाय न्हवं तुझा? मंग बस की रोज. तू बसतीस तवर माझी नात बसंल."

सोजराबाईंना दौंडचं घर आठवलं, बुधवारची सतरंजी आठवली. "बसते," त्या म्हणाल्या. म्हातारीनं आत हाक मारली आणि दप्तर पाठीला लावलेली एक झिपरी पोरगी येऊन बाईंच्या शेजारी बसली.

शिरूरला पोरगी सोडून गाडी परत आली. रविराजनं दारातूनच नीलमला सगळं सांगितलं. नीलमनं आत्याकडं बघितलं नाही. "बुधवारची प्रार्थना कोण घेईल दौंडात?" तिनं तुटकपणे विचारलं.

"घेईल कुणीतरी."

नीलम आत गेली. ताट घेऊन आली, आत्यापुढं ठेवलं. भाकरी, पातीच्या कांद्याची भाजी. बाई पाटावर बसल्या, सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि एकदम आठवलं. त्यांनी गपकन हात खाली घेतले. जेवणावर आशीर्वाद न मागता घास मोडायची सवय नव्हती, आणि मागायला तोंड नव्हतं. ताटाकडं बघत त्या तशाच बसून राहिल्या.

नीलम चुलीकडं तोंड करून उभी होती.

"भाकरीवरची कर," ती न वळता म्हणाली. "तेवढी चालंल."