डाग नसलेली जागा

माझ्या रिपोर्टवर कुणी उलट प्रश्न विचारलेला मला खपत नाही. सदाशिव पेठेतल्या माझ्या लॅबच्या दारावर तशी पाटीच आहे: ‘रिपोर्टविषयी आपल्या सर्जनशी बोलावे.’ तुळजाबाईंनी ती वाचली आणि तरीही आत येऊन बसल्या.

मार्केट यार्डात त्यांचा कांद्याचा गाळा. खालच्या जबड्यात, अक्कलदाढेपाशी पाण्याची गाठ झाली होती; सर्जनने ती काढून माझ्याकडे तपासायला पाठवली. मी लिहिलं होतं: साधी गाठ, पू होऊन सुजलेली.

“म्हंजे परत येनार न्हाई?”

“साधी परत येत नाही. दुसरी एक जात असते, ती पुन्हा पुन्हा येते, मग हाड खरवडावं लागतं. तुमची साधी आहे.”

पुढच्या महिन्यात लेकीचं बाळंतपण होतं, त्यामुळे त्यांना हेच ऐकायचं होतं. तरी त्या उठेनात.

“तुकडा कुठला बगितला वो?”

“सूज सगळ्यात जास्त होती तिथला.”

“मग वाण कसा कळला? नासका कांदा बगून आमी पोत्याचा वाण ठरवत न्हाई. नासला की समदे सारखेच. धड कांदा काढून बगतो.”

“इथे कांदे नाहीत, बाई. रिपोर्टची प्रत हवी तर सोमवारी या,” मी तोडून म्हटलं.

त्या गेल्या, प्रश्न काही गेला नाही. सुजेने गाठीचं आतलं अस्तर जाड, वेडंवाकडं होतं, मूळची ओळख पुसली जाते, हे मी पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होते. मला माझीच लाज वाटली. बाटलीत उरलेली गाठ बाहेर काढली, सूज न पोचलेली नखाएवढी जागा शोधली आणि तिचे काप करवून घेतले.

सूक्ष्मदर्शकाखाली पातळ अस्तर दिसलं. तळाच्या पेशी एका ओळीत उभ्या, वरची कड बारीक लाटांची. दुसरी जात. आधी सापडल्याचा आनंद झाला, तुळजाबाई नंतर आठवल्या.

सोमवारी त्यांना सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही.

“इचारलं नसतं तर बाळंतपण तरी सुखानं केलं असतं,” त्या म्हणाल्या. मग पदर सावरून उठल्या. “दावा तरी.”

मी स्टूल पुढे केलं. त्या भिंगाला डोळा लावून पाहत राहिल्या.

“एवढं नीटनेटकं, आन परत का येतंय?”

“थोडं माहीत आहे. सगळं नाही.”

“मग लेकीचं आवरून येते,” त्या डोळा न उचलता म्हणाल्या. “तवर तुमी बगून ठेवा.”